गयासची हाजिरी

हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्या. मधी हसलेलं चालायचं नाय. आणि तो मोबाईल पालथा ठेव रे, उजेड डोळ्यात येतो.

नूरमोहम्मद क्लॅरिनेटवाला छावणीच्या अलीकडच्या गल्लीत राहायचा. तुमच्यातल्या कुणी बघितला नसंल, पण तुमच्या आज्यांच्या वराती त्यानंच वाजवल्यात. माणूस सरळ. खोटं रचायला जेवढं डोकं लागतं तेवढं त्याला नव्हतंच. म्हणून त्यानं सांगितलं ते खरं धरायचं.

साल १९६६. जून महिना. नूरमोहम्मद सकाळच्या एस.टी.नं पिशोरला निघाला होता. काम साधंच, जुन्या जोडीदाराला, बन्सीला, घेऊन यायचं. छावणीकडं तेव्हा एक क्लब होता. वकील, डॉक्टर, ठेकेदार संध्याकाळी तिथं पत्ते कुटायला जमायचे. क्लबाचे सेक्रेटरी तात्यासाहेब. त्यांच्या मनात आलं की दर शनिवारी वाजवायला आपला घरचा बँड पाहिजे, भाड्याचा नको. नूरमोहम्मद म्हणाला, "साहेब, माणसं मी आणतो. पण म्हातारी आणीन."

म्हातारी म्हणजे निजामाच्या फौजेतल्या एका पलटणीच्या बँडातली. पोलिस ॲक्शन झाली, पलटण मोडली, वाजिंत्रं सरकारजमा झाली. मग ज्याला जिकडं वाट फुटली तिकडं तो गेला. फकिरा ड्रमवाला गुलमंडीत कापडाची गाठोडी उचलायचा. बन्सी मोठा हॉर्न वाजवायचा, तो पिशोरला औतामागं.

बांधावर उभं राहून नूरमोहम्मद ओरडला, "बन्सी, चल. वाजवायचंय."

"कुणाचं लगीन?"

"लगीन नाय. खुर्चीत बसून वाजवायचं. पंख्याखाली."

"पंख्याखाली?" बन्सीनं बैलांकडं बघितलं. "नूरभाई, थट्टा करायला एवढ्या लांब आलास व्हय? दात निम्मे गेले माझे."

"फुकायला ओठ लागतात. दात भाकरीला ठेव."

बन्सीनं औत पोराच्या हवाली केलं अन् त्याच गाडीनं आला. एवढी त्या माणसाला हौस.

या लोकांकडं एक चीज होती, जी बाकी कुठल्या बँडाकडं नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पलटण सिकंदराबादला होती, तिथं अमेरिकेच्या फौजेतला एक काळा सोल्जर यांच्यात येऊन बसायचा. त्यानं यांना त्याच्या मुलखातल्या चाली शिकवल्या. तो त्याला ब्लूज म्हणायचा, फकिरा म्हणायचा बुलूज. संथ चाल. त्यात रडणं नाय; रडून झाल्यावर माणूस भिंतीला टेकून बसतो ना, तसलं काहीतरी. क्लबातल्या लोकांनी असलं कधी ऐकलं नव्हतं. पहिल्याच शनिवारी पत्ते खाली ठेवून ऐकत बसले.

पण गोष्ट त्याच्या आधीची आहे. वाजवायला बसायच्या आधीची.

त्या जुन्या बँडात नाव घेऊन हाजिरी होत नसे. उस्ताद डोळे मिटून "हाजिरी" म्हणायचा, आणि जो तो आपल्या जागेच्या क्रमानं एक सूर द्यायचा. त्या एका सुरावरून उस्तादाला कळायचं कोण आलाय, कोण पिऊन आलाय, कोण बायकोशी भांडून आलाय. कुणी रजेवर असला तर त्याच्या पाळीला सगळ्यांनी एका दमाएवढं गप्प राहायचं. कुणी मेला तर चाळीस दिवस तशीच जागा सोडायची. मग उस्तादानं उभं राहून, त्याचं नाव घेऊन म्हणायचं, "रुखसत." म्हणजे जा बाबा, सुट्टी तुला. ती जागा मिटली. पुढं तिथं कुणी थांबत नसे.

नूरमोहम्मदचा धाकटा भाऊ गयास त्या बँडात कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे आखूड पितळी कर्णा. पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत त्याला एका रात्री दौलताबादच्या चौकीवर धाडला, तिथल्या तुकडीला माघारीचा इशारा वाजवून द्यायला. तो गेला तो गेलाच. प्रेत नाय, कपडा नाय, खबर नाय. बायको सगीरा, निकाहाला साल झालं नव्हतं. लोक म्हणायला लागले, तो काय आता येत नाय. तेव्हा ती मोठ्या दिरासमोर, नूरमोहम्मदसमोर, उभी राहिली.

"भाईजान, लोगां कुछ भी बोलने दो. तुमारे मुंह से रुखसत निकली तो मैं बेवा. तब तक नक्को."

बेवा म्हणजे विधवा. नूरमोहम्मदनं शब्द दिला. डोळ्यांनी भावाची माती बघितल्याशिवाय तो बोल तोंडातून काढणार नाय. जुना उस्ताद तोवर वारला होता. आता उस्ताद नूरमोहम्मदच. म्हणजे गयासची जागा मिटवायची तर ती एकट्या त्यालाच मिटवता येत होती.

तर पहिला शनिवार. क्लबाच्या हॉलला मागं पडदा लावलेला, पडद्यामागं हे तिघं. नूरमोहम्मदनं सवयीनं डोळे मिटले अन् म्हणाला, "हाजिरी."

फकिरानं ड्रमवर दोन ठोके दिले. नंतर बन्सीचा हॉर्न यायला पाहिजे. आला नाय. एका दमानंतर आला.

फकिरा म्हणाला, "काय रे, झोपला व्हय?"

"गयासची पाळी सोडली," बन्सी ओशाळला. "फकिरा, मग गयास, मग मी. ओठालाच सवय हाये."

झालं, चूक झाली ती तिथंच. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाला तो क्रमच ठाऊक नव्हता. नूरमोहम्मदला तर बरंच वाटलं. इतक्या सालांनी कुणीतरी भावासाठी थांबलं होतं. म्हणाला, "राहू दे. सोडत जा."

दोन महिने काही झालं नाय. श्रावणातल्या एका शनिवारी त्या मोकळ्या जागेत हवा आली. सूर नाय, नुसती हवा. थंड पितळात सुरुवातीला फुंकर मारतात, तशी.

बन्सी म्हणाला, "पंखा."

फकिरानं वर बघितलं. पंखा बंद होता.

पुढच्या शनिवारी पुन्हा. ह्या खेपेला हवेत जरा घरघर. अन् त्यानंतर बन्सीचा सूर लागंना. गाल फुगवले, डोळे वटारले, हॉर्नमधून आवाज नाय. पुढं वाजवायला बसला तेव्हा ठीक. पण दर शनिवारी त्याचं असंच व्हायला लागलं, अन् गडी दिसादिसानं वाळत चालला. औत धरणारा माणूस, क्लबाच्या चार पायऱ्या चढून खांबाला धरून उभा राहायचा. डॉक्टरानं छाती बघितली. म्हणाला, काही नाय.

"नूरभाई," बन्सी एकदा हळूच म्हणाला, "माझ्या आधी कुणीतरी माझाच दम घेतंय."

फकिरा तोंडाचा फटकळ. त्यानं चहाच्या टपरीवर नूरमोहम्मदला गाठलं.

"ती जागा मिटव."

"माती दाखव त्याची, मिटवतो."

"किती सालं झाली?"

"तू काय पटवारी हायेस, सालं मोजायला?"

"नूरभाई, एस.टी.त शिटावर रुमाल टाकला की कुणीतरी येऊन बसणारच. हा रुमाल तू टाकलायस. बन्सी मरंल."

"अन् मी तो बोल काढला तर घरी एक बाई मरंल. तिला काय सांगू? बन्सीला दम लागत होता, म्हणून तुझा नवरा मारला?"

फकिरानं चहा तसाच ठेवला अन् उठून गेला.

नूरमोहम्मदला हेही कळत होतं की रुखसत न म्हणता नुसती हाजिरी बंद करता आली असती. पण खरं सांगायचं तर त्याला शनिवारची ओढ लागली होती. आत्ता हवा आली, उद्या सूर येईल. भाऊ होता तो.

आता नीट ऐका. सतरा सप्टेंबर, शनिवार. हरतालिकेची रात्र, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे. पोलिस ॲक्शनमध्ये निजाम शरण आला तीच ही तारीख, म्हणून क्लबात जेवण ठेवलेलं. पाऊस नुकताच उघडला होता. लोक बाहेर हिरवळीवर बत्त्यांखाली जेवत होते. हॉल रिकामा. पडद्यामागं हे तिघं, अन् रॉकेलची एक चिमणी.

साडेनऊ झाले होते.

"आज हाजिरी नको," फकिरा म्हणाला.

नूरमोहम्मदनं डोळे मिटले.

"हाजिरी."

दोन ठोके.

अन् सूर आला.

पुरा. भरलेला. कॉर्नेटचा. क्लबानं घेऊन दिलेल्या वाजिंत्रांत कॉर्नेट नव्हतंच. शेवटाकडं सूर जरासा चिरकला, अन् तो चिरका नूरमोहम्मदला ठाऊक होता. लहानपणी गयास छतावर बसून वाजवायचा, तेव्हाही तिथंच चिरकायचा.

डोळे उघडू नयेत असं वाटलं. उघडले की जाईल.

एका दमाचा सूर. संपायला पाहिजे.

संपला नाय.

चाललाच होता... चाललाच होता... माणसाच्या छातीत एवढा दम नसतो. बैलाच्या नसतो.

"नूरभाई..."

फकिराचा आवाज.

"नूरभाई, डोळे उघड..."

त्यानं उघडले.

बन्सीच्या ओठाला हॉर्न होता. गाल फुगलेले नव्हते. आत गेले होते. छाती आत. पोट आत. ओठ जांभळे. कुणीतरी पलीकडून ओढत होतं... अन् जसजसा तो आत जात होता तसतसा सूर मोठा होत होता.

फकिरा हॉर्न ओढून काढायला गेला. निघंना.

नूरमोहम्मदनं तोंड उघडलं. आवाज नाय. बसून तो बोल निघत नसतो. उस्तादाला उभं राहावं लागतं. खुर्ची धरली. उठला.

"गयास..."

सूर खाली आला. हाक मारल्यावर माणूस वळून बघतो ना... तसा.

तिथं कुणी नव्हतं. नूरमोहम्मद तरी त्या जागेकडंच बघत होता. घरची ती बाई डोळ्यापुढं होती. समोर बन्सीचे हात गळत चालले होते.

"बेटा..."

...

"रुखसत."

एकदम शांत. चिमणीची ज्योत हलली नाय. काही हललं नाय. मग बन्सीनं श्वास घेतला, विहिरीतून बाहेर काढलेल्या माणसासारखा, हॉर्न धाडकन खाली पडला अन् तो फकिराच्या अंगावर कोसळला.

बाहेर हिरवळीवर टाळ्या वाजल्या.

पडदा सारून तात्यासाहेब आत आले. हातात जिलबीची ताटली. "वा, नूरमोहम्मद! हा कॉर्नेटवाला कुठनं पैदा केला? बाहेरची माणसं घास थांबवून ऐकत होती. पुढच्या शनिवारी पाहिजे हां हा."

फकिरा म्हणाला, "त्याला सुट्टी दिली, साहेब."

त्या रात्री वाजवणं झालं नाय. बन्सीला बाकावर झोपवला. घटकाभरानं तो चहा मागायला लागला, तेव्हा फकिरानं त्याला एक शिवी घातली अन् तोंड फिरवून डोळे पुसले.

नूरमोहम्मद घरी निघाला. लांबची वाट धरली. मुद्दाम. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, तोंडात शब्द फिरवत होता. गल्लीत कुत्रं भुंकत नव्हतं. दाराशी आला. कडी वाजवली.

"आ रई, आ रई..." आतून सगीराचा झोपेतला आवाज. कंदील घेऊन तिनं दार उघडलं. "इत्ती देर, भाईजान? खाना ठंडा हो गया."

तो उंबऱ्यातच उभा.

"क्या हुआ? बोलते कायको नै?"

तिनं कंदील वर केला, त्याचं तोंड बघायला. बाही खाली घसरली. अन् दोघांनी एकदमच बघितलं.

तिच्या हातात चांदीच्या पाटल्या असायच्या. निकाहाच्या दिवशी सासूनं घातलेल्या, मनगट पोरीचं होतं तेव्हाच्या. पुढं हात भरला, पाटल्या मांसात रुतल्या, एकदा हात सुजला तेव्हा सोनार म्हणाला होता कापल्याशिवाय निघायच्या नायत. तिनं कापू दिल्या नव्हत्या.

मनगटं मोकळी होती. नुसते पांढरे वळ.

ती मागं फिरली, खाटेकडं गेली. उशाजवळ पाटल्या एकावर एक ठेवलेल्या. नीट. ती खाली बसली अन् पदर तोंडावर घेतला.

पुढं नूरमोहम्मद त्या पाटल्या घेऊन सराफ्यात गेला. सोनारानं भिंग लावून बघितल्या. कुठं काप नाय, सांधा नाय, वाकल्याची खूण नाय. त्याचा विश्वास बसंना. तिला बोलावून घेतलं, हाताला साबण लावला, सगळं करून बघितलं.

अंगठ्याच्या मुळापुढं एकही पाटली गेली नाय.