गाडीची विभूती

शिरूर अनंतपाळला सिद्रामप्पांच्या घराला लागून पत्र्याचं एक शेड आहे. त्यात त्यांच्या मुलाची, मल्लिनाथची गाडी चार वर्षं उभी होती. सुट्टीत आल्यावर नवीकोरी घेतली, महिनाभर मिरवली आणि बापाच्या हातात किल्ली देऊन हा मस्कतला परत गेला. बापाला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

मल्लिनाथ तिकडे मोठ्या गॅरेजात सुपरवायझर. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची तर काय करायचं, हे तो दिवसातून दहा जणांना सांगे. तेच त्याने फोनवर बापाला शिकवलं. बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवायची, पंधरा दिवसांनी चार्जर लावायचा, हिरवा दिवा लागला की काढायचा. सिद्रामप्पांनी पंधरा दिवसांचे आठ केले आणि सोमवार धरला. अंघोळ, इष्टलिंगाची पूजा, मग चार्जर.

खरं तर गाडी हा बहाणा होता. "बॅटरी भरलेली ठेवा अप्पा, दिवाळीला आलो की तुम्हाला कपिलधारला दर्शनाला नेतो," असं म्हटलं की म्हातारा 'कवा येतो' हे विचारायचं विसरून हिरव्या दिव्याबद्दल बोलत बसे. बापाला कामाला लावून ठेवलं की बाप प्रश्न विचारत नाही, हे मल्लिनाथला बरोबर उमगलं होतं. तीन दिवाळ्या अशाच काढल्या.

फेब्रुवारीत सिद्रामप्पा गेले. मल्लिनाथने 'रजा मिळत नाही' असं कळवलं. रजा त्याने मागितलीच नव्हती. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून समाधीत बसवतात. ते बसवणं त्याने मोबाइलवर पाहिलं. मध्येच रेंज गेली. त्याने पुन्हा फोन लावला नाही.

आता ऑक्टोबरात तो आला तो गाडी विकायला. उदगीरचे रामलिंगशेठ संध्याकाळी वाट पाहणार होते. गाडी देऊन टाकली की गावाशी संबंध संपला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुपारी गावातला इलेक्ट्रिशियन रामकिशन स्कूटरवर नवी बॅटरी घेऊन आला. शेजारच्या शिवम्माकाकूंनी कनवटीची चावी काढून शेड उघडलं. आत पत्रा तापलेला, सगळीकडे बोटभर धूळ. शेडला वीज नव्हती. वैशाखातल्या वादळात वायर तुटली ती कोणी जोडलीच नाही.

"आठ महिने झाले म्हन्ता?" रामकिशन म्हणाला. "मंग बसली असन कवाच."

"बसली म्हनू नको बाबा," काकू पटकन म्हणाल्या. "भावजी लई चिडायचे या शब्दाला. म्हनायचे, बसायचंच आलं तर मी बसीन, पोराची बॅटरी बसायची न्हाई."

मल्लिनाथ ओशाळं हसला. रामकिशनने बॉनेट उघडलं, मीटरच्या दोन टोकांनी बॅटरी तपासली. मीटरवर बोट मारलं. बाहेर जाऊन स्कूटरच्या बॅटरीवर लावून पाहिलं आणि परत आला.

"भरलेली हाय," तो म्हणाला.

"मीटर बघ नीट."

"मीटर चांगला हाय. तुमीच बघा की."

मल्लिनाथने पाहिलं. काल चार्जरवरून काढावी तशी भरलेली. चार्जर स्टुलावर होता, त्याची पिन मेलेल्या प्लगात खोचलेली. त्याने हात लावला. चार्जर कोमट होता. पत्र्याखाली काहीही तापेल, असं तो मनाशी म्हणाला. पण स्टूल गार होतं. आणि चार्जरवर धूळ नव्हती. तीन बोटांनी ओढलेले तीन पांढरे पट्टे होते.

"काकू, इथं कोण येतं?"

"कोन येनार? चावी माझ्यापाशी."

रामकिशन बॅटरीवर वाकला होता. वायर जिथे जोडतात त्या दोन्ही टोकांवर पांढरी भुकटी चढली होती. "हात नका लावू. तेजाब सुटलंय, कातडी जळते."

"तेजाब कुठलं?" काकू म्हणाल्या. "ती विभूती हाय. भावजी रोज लावायचे. कपाळ सोलून निघालं होतं, फोड आले, पानी सुटलं. दवाखान्यात चला म्हनलं तर ऐकनात. म्हने, मल्लूनं सांगितलंय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "बसवताना बी तीच लावली आमी. डबीत जपून ठिवली होती त्यांनी."

मल्लिनाथला तो फोन आठवला. तो जेवत होता. "मल्लू, गाडीला विभूती येऊन राहिली रे, आपोआप!" बापाचा आवाज नुसता फुलून आला होता. भुकटी कसली आहे हे मल्लिनाथला पक्कं ठाऊक होतं. त्याने समोरच्या मित्राला डोळा मारला आणि म्हणाला, "मग लावा की कपाळाला."

एवढंच. नंतर तो ते विसरून गेला होता. आता त्याला स्वतःची किळस आली.

रामकिशनने गरम पाण्याने भुकटी धुतली, वायर जोडली. अर्ध्या किल्लीत गाडी सुरू झाली. रामकिशनने नवी बॅटरी स्कूटरवर परत बांधली.

"भावजी कदी आत बसले न्हाईत," काकू खिडकीशी येऊन म्हणाल्या. "म्हनायचे, मल्लू आला की त्याच्या बाजूला बसीन."

मल्लिनाथने काच वर केली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काढणीचं सोयाबीन. उदगीरच्या रस्त्याला लागला आणि समोर डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. टिंग, टिंग, टिंग. बाजूला बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

बाजूला कोणी नव्हतं. पिशवीसुद्धा नव्हती.

उभ्या गाडीत सीटखालचा सेन्सर बिघडतो. गिऱ्हाइकांना तो हे नेहमी सांगे. त्याने हाताने सीट झटकली. टिंग, टिंग. बाभळीखाली गाडी थांबवली, सीट दाबून पाहिली.

सीट आधीच दबलेली होती. दोन गुडघ्यांएवढे दोन खळगे, मांडी घालून बसल्यासारखे.

आवाज थांबेना. रामलिंगशेठला अशी गाडी कशी दाखवायची?

गिऱ्हाइकांना सांगायचा तोच उपाय त्याने केला. वाकून पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणून खटक्यात अडकवला.

आवाज बंद झाला.

त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि वळून पाहिलं.

पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे ताणून उभा होता.

मल्लिनाथने खटक्याचं लाल बटण दाबलं. पट्टा सुटला.

पण मागे गेला नाही.