आजोबाचा तारा

"त्या लाल पेन्सिलवाल्याचा एकदा हात पिरगाळला पाहिजे," चहाच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ती म्हणाली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरला नसता.

कप सावरत त्यानं विचारलं, "काय केलं त्यानं?"

"इंग्रजी 'लव्ह' शब्दाची नोंद. या शब्दकोशासाठी वर्षभर लिहितेय मी, ही उद्या छापायला जाणार. 'लव्ह' आपल्या 'लोभा'तून आला असं मी लिहिलं, तर वरच्या मजल्यावर बसून तपासणाऱ्या त्या गृहस्थानं सरळ रेघ मारली. कारण द्यायचीही तसदी नाही."

"लोभ त्याचा बाप नाही ना..." तो हळूच म्हणाला. "चुलतभाऊ आहे. दोघांचा आजोबा एक."

तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. लाल.

"असं होय. तुम्हीच ते."

"मीच." आता कानही लाल.

"मग दाखवा तो आजोबा. कुठल्या पोथीत आहे?"

"कुठल्याच नाही. लिहिणं सुरू होण्याआधीचा तो. नातवंडांच्या तोंडावळ्यावरून ओळखायचा. म्हणून तर त्याच्याआधी तारा काढतो आपण — लिहिलेला सापडत नाही, पण असलाच पाहिजे."

त्याचं बरोबर होतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. वरच्या मजल्यावर, त्याच्याच टेबलाशी बसून तिनं नोंद पुन्हा लिहिली. 'लव्ह'च्या मागे जुन्या इंग्रजीतला 'लुवु', त्याच्या मागे तारा लावलेला आजोबा. लोभ बाजूला, भावकीत. तो टोकदार पेन्सिलींनाच पुन्हा टोक काढत राहिला.

"वर्षभर माझ्याच पानांवर एवढ्या रेघा का? बाकीच्यांची कोरी जातात."

"तुमची मी... दोनदा वाचतो."

"का?"

त्यानं चष्मा पुसायला घेतला.

"वर्षभर वाचता, आणि एक मजला खाली उतरवत नाही?"

"उतरतो की. रोज. तुमच्या चहाच्या वेळेला. तुम्ही कपातून मान वर काढत नाही..."

 टेबलावरची पेन्सिल झटकन उचलून तिनं त्याच्या कागदी कपावर एक छोटासा तारा काढला.

"हे काय?"

"तोंडानं बोललेलं, कागदावर लिहिलेलं काहीच सापडत नाही," ती फणकाऱ्यानं म्हणाली, "पण असलंच पाहिजे... आता मारा रेघ."

तिनं पेन्सिल पुढे केली. त्यानं ती घेतली, कपाकडे बराच वेळ पाहिलं — आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.