सात नंबर मशीनचा पासवर्ड

ही गोष्ट खरी आहे. नाही पटली तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. फक्त कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या अलीकडे... एवढं पुरे.

भुताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणे.

ही मे महिन्यातल्या एका मंगळवारी घडली. भर दुपारी.

मी कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट. माणसं न्याहाळायची मला जुनी खोड. कोण किती उशिरा येतो, कोण कोणाच्या जिवावर पास होतो, सगळं माझ्याकडे नोंदलेलं.

लॅब उभी केली ती मंदारसरांनी. आठही मशीनवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स त्यांनीच टाकलं. नवीन काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो फक्त त्यांच्या डोक्यात. मी मागितला की हसायचे.

"तुले कायले पाह्यजे बे? लागला का मले बोलाव. मी येतो."

मग मी उठायचो, ते खुर्चीत बसायचे. काम झालं की अंगठीनं टेबलावर दोनदा ठोकायचे.

टक. टक.

मार्चमध्ये मंदारसर गेले. हार्ट अटॅक. पासवर्ड कोणालाच न सांगता गेले.

यवतमाळहून माणूस बोलावून सगळं नव्यानं करून घेणं हे माझं काम होतं. "सोमवारी करू" म्हणत मी आठ सोमवार काढले. दुसऱ्यांच्या आळसाच्या नोंदी ठेवणाऱ्याची स्वतःची नोंद अशी राहून जाते.

त्या मंगळवारी तीन वाजता राखीचं प्रॅक्टिकल होतं.

राखी तांड्यावरची पोरगी. प्रॅक्टिकलात आधी दोनदा नापास झालेली. हा शेवटचा चान्स, यात गेली तर तीन वर्षं पाण्यात. बंजाऱ्यांच्या गोर बोलीतले शब्द शिकवणारा प्रोग्रॅम तिनं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत केला होता. पडद्यावर खिडकी उघडते, चित्राखालचं बटन दाबलं की शब्द येतो. आईचं चित्र दाबा... याडी.

दोन वाजता तिनं सात नंबरवर तो चालवून पाहिला.

"सर, हे काहून म्हनून राह्यलं, टीकेइंटर नाही म्हणून?"

मी वाकून पाहिलं. प्रोग्रॅम तिनं भावाच्या, शामच्या लॅपटॉपवर केला होता. तो विंडोजवाला. तिथे पायथन टाकलं की खिडक्या-बटनं काढणारी ही टीकेइंटर लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, सोबतच येते. आमच्या लिनक्सवर पायथन होतं, पण ती वेगळी टाकावी लागते. एका ओळीचं काम.

एक ओळ... आणि मग पासवर्ड.

"शामले बोलाव ना लॅपटॉप घेऊन."

"तो पुण्याले गेला सर. लॅपटॉप बी गेला."

ऑफिसात एक विंडोज मशीन होतं. बाबू म्हणाले, "फॉर्म भरून राह्यलो, पाचनंतर या." प्राचार्यांच्या मॅकवरही पायथन होतं, लायब्ररी नव्हती. तिथे सगळं पायथनच नव्यानं डाउनलोड करावं लागत होतं, दोन तास दाखवले.

परत लॅबमध्ये आलो. अडीच वाजले होते.

ती एक ओळ टाकली, आणि पासवर्ड म्हणून मंदारसरांच्या मुलीचं नाव टाकलं. भैरवी. चूक.

गावाचं नाव, गाडीचा नंबर. चूक. चूक.

आमच्या लिनक्सवर पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. चांदणी नाही, ठिपका नाही. टाकणारा टाकत राहतो, समोर कोरं.

"सर," राखी हळूच म्हणाली, "तुमी त म्हनलं होतं, सगळं रेडी आहे."

म्हटलं होतं. लॅब तयार असल्याच्या फॉर्मवर सहीसुद्धा केली होती.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. फक्त सात नंबर आणि नेटचा डबा यूपीएसवर चालू राहिले.

बीप... बीप...

राखी उठली. खुर्ची मागे ओढून बाजूला उभी राहिली. आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली,

"मंदारसर, पासवर्ड लागून राह्यला. या न."

मी म्हणणार होतो, अवं, वेडी झाली का...

खट.

माझे दोन्ही हात खिशात होते. राखीचे तोंडावर.

खट... खट... खट...

पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. मला कीबोर्डकडे पाहायची हिंमत झाली नाही. मी खुर्चीकडे पाहिलं.

रेक्झिनची गादी दबलेली होती.

मी मोजत राहिलो. अकरा. मग एंटर.

ओळी धावायला लागल्या. मशीननं विचारलं, टाकू का?

खट.

लायब्ररी टाकून झाली. आणि मग...

टक. टक.

लाइट आली, कूलर सुरू झाला. दहाच मिनिटांत परीक्षक सुचित्रा मॅडम आत आल्या. राखीनं सगळं प्रॅक्टिकल उभ्यानंच दिलं.

"अगं, बस ना. खुर्ची रिकामी आहे."

"नाही मॅडम," राखी म्हणाली, "असंच बरं आहे."

ती पास झाली.

त्याच आठवड्यात मी यवतमाळहून माणूस आणला. आठही मशीन पुसून कोरी केली. नवा पासवर्ड मी ठरवला, माझ्या डायरीत लिहिला. त्या माणसासमोर चालवून पाहिला, चालला.

जुलैमध्ये नव्या बॅचच्या आयुषला तीच लायब्ररी हवी होती. मी सात नंबरवर बसलो, पासवर्ड टाकला.

चूक.

डायरी पाहून टाकला. चूक.

अक्षर न् अक्षर बोटानं दाखवत टाकला...

चूक.

आयुषला मी चहा सांगायला पाठवलं. दार लोटलं. आणि हळूच खुर्चीतून उठलो.

आताची पोरं मागे लागतात, "सर, पासवर्ड सांगून द्या न, तुमच्या मागं कायले फिराव आमी?"

मी हसतो. "तुले कायले पाह्यजे बे?"

त्यांना वाटतं, मीही मंदारसरांसारखाच झालो. कंजूस.

खरं सांगू? मला तो माहीत नाही.

मी फक्त खुर्ची मागे ओढतो.