मागच्या खडकावरचा आवाज

चहा घे, निवेल. उद्या अँकर पॉइंटच्या टोकावरून समुद्रात उतरणार म्हणालास ना? उतर. लाटांवर फळी चांगली चालवतोस, पाहिलंय मी. पण उडी कुणाच्या सांगण्यावर मारायची, ते आधी ठरव.

इथे तागझूत गावच्या किनाऱ्याला वाळूवरून पाण्यात शिरलास तर प्रवाहच दमवतो. म्हणून आम्ही टोकाच्या खडकांवरून फळीसकट उडी मारतो. खडकाच्या कडेला उभा असलेला माणूस पायाशी बघतो, कारण खडक निसरडे, शिंपल्यांनी पाय कापतात. त्याच्या मागे उंच खडकावर दुसरा उभा राहून लाटा मोजतो. मोठ्या लाटा सरल्या की तो ओरडतो, "आत्ता!" आणि कडेवरच्याने झोकून द्यायचं. वळून बघायचं नाही. समुद्रातून कुणी काही ओरडलं तर कानाडोळा करायचा, तिथे सगळेच बोंबलत असतात. माझ्या धाकट्या भावाला, बिहीला, हे मीच शिकवलं. डोक्यात भरवलं म्हण ना!

एकोणीस वर्षांचा होता. सारखी भुणभुण, "दादा, मला टोकावर कधी नेणार? म्हातारा झाल्यावर?" त्या जानेवारीत मी हो म्हटलं. निघताना इम्मी, आमची आई, एवढंच म्हणाली, "लहसन, नेतोस तसा परत आण."

सकाळी दाट धुकं होतं. लाटा दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात बसला होता. तिथूनच परत फिरायला हवं होतं रे, पण मला बुद्धी झाली नाही. म्हटलं, आधी मी उतरून बघतो.

"मी येऊन मागे उभा राहीपर्यंत हलायचं नाही."

"बरं बाबा, बरं," तो हसला.

मी उडी मारून लाटांपलीकडे खोल पाण्यात गेलो. जरा वेळाने धुकं विरळ झालं. खडकाच्या कडेला बिही, काखेत फळी, मान खाली. त्याच्या मागचा उंच खडक रिकामा. आणि माझ्या पाठीशी डोंगराएवढ्या लाटा, एकीमागे एक, उठत होत्या.

तेवढ्यात त्या रिकाम्या खडकावरून कुणीतरी बोललं, "बिही... तयार राहा."

माझा आवाज. माझाच!

"थांब!" मी घसा फोडून ओरडलो. "तो मी नव्हे! मी इथे आहे, पाण्यात!"

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं... पाहिलंच. घुटमळला.

"तिकडे लक्ष देऊ नकोस," मागून अगदी मायेने आवाज आला. "कितीदा सांगितलंय तुला?... आत्ता."

गुणी पोर माझं. त्याने माझंच ऐकलं.

फळीचे तुकडे संध्याकाळी मिळाले, तो तिसऱ्या दिवशी. इम्मी त्यानंतर चार वर्षं जगली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

लोक म्हणतात, लहसन, अजून तिथे एकटा कशाला उतरतोस? अरे, एकटा कुठे! कडेवर उभा राहिलो की मागून बिही सांगतो, "दादा... आत्ता." मी वळत नाही. उडी मारतो, आणि पाणी खरोखर शांत असतं. सहा वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

माझा विश्वास बसावा म्हणूनच हे चाललंय, एवढं कळतं मला. मी काय खुळा आहे? पण काय करू... आवाज बिहीचा आहे ना.