सात नंबरचा अंगठा

त्या सोमवारी तिची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर झाली होती. पर्स खांद्याला अडकवून ती वॉर्डातून निघाली, तेवढ्यात जोडीची नर्स मागून धावत आली. हातात बरणी, बरणीत जळवा.

"अगं, माझ्याच्यानं नाही होणार… एवढी एक लावून जा ना."

सात नंबरच्या पलंगावर पुस्तकं बांधणारा एक बाइंडर होता. कागद कापायच्या यंत्रात त्याचा उजवा अंगठा तुटला होता. सर्जननं तो पुन्हा जोडला. रक्त आत नेणारी वाहिनी जुळली, पण बाहेर आणणाऱ्या शिरा पार चिरडलेल्या. अंगठ्यात रक्त साचून तो जांभळा पडला होता. नव्या बारीक शिरा फुटेपर्यंत ते रक्त जळवांनी ओढायचं होतं. या कामात तिचा हात धरणारं वॉर्डात कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला जळूताई म्हणत.

तिनं पर्स ठेवली आणि हातमोजे चढवले.

"दुखेल?" त्यानं विचारलं.

"नाही. तिचं तोंड लागतं ती जागा आपोआप बधिर होते."

"तुम्ही बोलताय तेव्हाही तसंच होतंय…" तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

"रक्त कमी झालं की माणसं बरळतात," ती म्हणाली. पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही तिला लपवता आलं नाही.

रजा राहिलीच. जळू पोट भरून गळून पडायला पाऊण तास लागे, आणि ती भलतीकडे सरकू नये म्हणून शेजारी स्टुलावर बसून राहावं लागे. दिवसातून तीनदा. एवढा वेळ दोन माणसं गप्प तरी कशी बसणार? तो पुस्तकांबद्दल बोलायचा. कागद किती जाड आहे ते डोळ्यांना नाही, अंगठ्याला कळतं म्हणायचा. एका म्हाताऱ्यानं गेलेल्या बायकोची पत्रं बांधायला दिली होती. ती अर्धी शिवून टेबलावरच राहिली होती.

तिनंही एकदा सांगून टाकलं. तिला बघायला आलेल्या एकानं विचारलं होतं, याच हातांनी स्वयंपाक करता का?

तो हसला नाही. तिच्या हातांकडे बघत म्हणाला, "इतक्या हलक्या हातानं तर मी सोनेरी वर्खही लावत नाही."

चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतलं ऊन चादरीवर आलं होतं. जळू निवांत पीत होती.

"लोक म्हणतात, जळूसारखा चिकटलाय. मी तसा चिकटलो तर…?"

"पोट भरलं की सोडून देते जळू."

"मग मी जळू नाही."

ती घड्याळाकडे बघत राहिली, पण किती वाजले ते काही दिसलं नाही. जळू लावता लावता जीव कधी लावला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी जळू चिकटेना. तिनं ती बदलली. दुसरीनंही तोंड फिरवलं. तिनं अंगठ्याला सुई टोचून पाहिली, थेंबही आला नाही. अंगठा गार होता. रक्त पोचत नाही तिथं जळू धरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आज हिला भूक नाही वाटतं," तो म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "गेला का?"

"सर्जन राउंडला येतील, ते सांगतील…"

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"गेला," ती म्हणाली.

दुपारी अंगठा काढायच्या संमतीचा कागद आला. उजव्या हाताला बँडेज, डाव्यानं सही जमेना. तिनं शाईचं पॅड आणलं. हातमोजे घातले नाहीत. त्याचा डावा अंगठा धरून शाईवर फिरवला, कागदावर टेकवला. ठसा उमटला तरी दोघांनी हात काढले नाहीत.

"उजवा वाचला असता तर तुम्हाला एक विचारणार होतो."

"आता विचारा."

"आता नाही. धंदा गेला माझा. तुम्ही हो म्हणाल, पण ते दयेपोटी म्हणालात असं जन्मभर वाटत राहील."

"दया मी रोज वीस पलंगांना वाटते," ती म्हणाली. "त्यातल्या कुणाच्या पायी माझा घास अडत नाही. तुमच्या पायी… सकाळपासून अडलाय."

त्यानं डोळे मिटून घेतले.

"जाताना भेटून तरी जाल?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

आठवड्यानं तिची साप्ताहिक सुट्टी आली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तर सात नंबर रिकामा. परगावचा भाऊ त्याला आदल्या दिवशीच घेऊन गेला होता.

"घरी जायला कालचाच, तुझ्या सुट्टीचा दिवस मागून घेतला त्यांनी," जोडीची नर्स हळूच म्हणाली. "मी म्हटलं, उद्या जळूताईला भेटून जा. तर म्हणाले, भेटलो तर पाय निघायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग सात नंबरची चादर तिनं स्वतः काढली, नवी घातली, चारही कोपरे ताणून आत दुमडले. ते काम तिचं नव्हतं.