थोरल्याच्या कॉम्प्युटरचा दिवा

आमच्या धाकट्याला काहीही सांगा, एकच उत्तर. "नंतर करतो, आई." जेवायला हाक मारली तरी नंतर! त्या 'नंतर'पायी काय घडलं ते सांगते. रचलेली गोष्ट नाही ही. आमच्याच एक्स-रे सेंटरात, माझ्या थोरल्या सुनेवर, भरदुपारी गुदरलेली आहे.

मागच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर आहे. सगळे फोटो त्यात जातात. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टरही तिथूनच उघडतात. त्यात एक खोट निघाली होती. वायरीवरून कुणीही, पासवर्डाशिवाय, एक वेडावाकडा निरोप धाडला की तो जागीच गोठायचा. चोरी नाही, पण सगळ्यांचं काम ठप्प. कंपनीकडून दुरुस्ती कधीच आली होती; पडद्यावर रोज विचारायची, 'आत्ता' की 'नंतर'. धाकटा रोज 'नंतर'वर बोट ठेवायचा.

त्या दुपारी पाय मोडलेले दोघं पाठोपाठ आले. एकाला तडक ऑपरेशनला नेलं. सुनेने घाईत फोटो पाठवला...

आणि सगळं गोठलं.

डॉक्टरांचा फोन. "मॅडम, पेशंट टेबलावर आहे! फोटो उघडत नाहीये!"

धाकट्याने मोठा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चालला.

पुन्हा गोठला...

निरोप कुठून येतोय ते त्याने शोधलं. तोंडचं पाणी पळालं त्याच्या.

"वहिनी... दादाच्या कॉम्प्युटरवरून."

दादा म्हणजे माझा थोरला. त्याला जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर चादरीखाली झाकलेला, वायरी उपटलेल्या.

सून त्या खोलीत गेली. चिटपाखरू नाही. वायरी जमिनीवर तशाच.

चादरीखाली हिरवा दिवा... लुकलुकत होता.

थोरल्याचा दंडक होता. पेशंटचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय फोटो बाहेर जायचा नाही. त्यावरून नवरा-बायकोची रोज जुंपायची.

सून दिव्याकडे बघत म्हणाली, "अहो... वाचते. आत्ता वाचते."

दिवा विझला.

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आपसूक चालू झाला. तिने फोटो उघडला आणि नाव मोठ्याने वाचलं. नाव दुसऱ्याच पेशंटचं! मोडलेली जागाही वेगळी.

योग्य फोटो गेला. पेशंट निभावला. तो दिवा कसा पेटला, ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी धाकटा पुन्हा 'नंतर'वर बोट ठेवून बसलेला. डोळे भरलेले.

"आई, राहू दे ना ही खोट. दादाला यायला वाट राहील."

पण मी त्याला तोंडावर सांगितलं, "आज आला तो आपला होता. दार मात्र सगळ्यांनाच उघडं आहे. बंद कर. आत्ता."