उद्याशेठच्या ऑफिसातली खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट यात माझीच लाज जाते.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन, बाहेर लख्ख ऊन.

दादाचा आणि माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना. माल पोचवणं आणि वसुली दादाकडे, हिशेब माझ्याकडे. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बिस्किटवाला. दोन वर्षं खोकी उचलत राहिला, पैसे मात्र कायम उद्या. आम्ही त्याचं नावच उद्याशेठ ठेवलं होतं. त्याच्यापायी आमचे बँकेचे हप्ते थकले. महिनाअखेरीस कारखान्याला टाळं लागणार होतं.

दादाची वसुलीची एक पद्धत होती. तो भांडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जायचा, दारासमोरची खुर्ची पकडायचा... आणि बसून राहायचा. दिवसभर. शेवटी समोरचा माणूस लाजेकाजेस्तव चेक द्यायचा.

उद्याशेठला लाज नव्हती.

त्या मंगळवारच्या सात आठवडे आधी दादा सकाळी दहाला त्याच्याकडे जाऊन बसला. दुपारी कधीतरी त्याचं हृदय थांबलं. बसल्या जागी. लोक समोरून येत-जात होते. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागलीय. सहा वाजता शिपाई दिवे बंद करायला आला. त्याने हलवलं, तेव्हा कळलं.

आठ तास. आठ तासांत एकानेही विचारलं नाही, "अहो, पाणी हवंय का?" हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर त्या मंगळवारी मी गेले. ठरवूनच गेले. आज एकतर पैसे, नाहीतर त्याच्याच माणसांसमोर त्याची अब्रू काढायची.

बाहेरच्या खोलीत दोन माणसं बसली होती, दोघं उभी होती. आणि दारासमोरची जुनी फिरती खुर्ची... रिकामी.

मी तिकडे वळले, तशी टेबलामागची बाई पटकन म्हणाली, "ताई, तिथं नका बसू."

"का?"

तिने मान खाली घातली. "रिकामी नाहीये ती."

मी नीट बघितलं. खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर राहते तशी. मी थांबले. गादी वर यायला असा किती वेळ लागतो?

एक मिनिट गेलं... दोन गेली...

गादी वर आलीच नाही.

मग आवाज आला. घसा खाकरल्याचा. हळूच, दोनदा... शेठ लोक केबिनमधून बाहेर आले की दादा असाच खाकरायचा.

मी वळले. उद्याशेठ केबिनच्या दारात उभा होता. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो खुर्चीकडे बघत होता.

"सगळे घ्या," तो म्हणाला. "व्याजासकट. आत्ता पाठवतो. फक्त यांना घेऊन जा. दोनदा खुर्ची भंगारात दिली हो... सकाळी दहाला परत इथेच."

"जिवंत होता तेव्हा तुझे हात मोडले होते?" मी ओरडले. शेठबिठ, अहो-जाहो सगळं गेलं खड्ड्यात.

त्याने खिशातून मोबाइल काढला. पाच मिनिटांत पैसे आमच्या खात्यात आले. दोन वर्षं अडलेले पैसे, पाच मिनिटांत. मला आनंद झाला नाही. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी खुर्चीसमोर वाकले.

"दादा, मिळाले रे पैसे. कारखाना वाचला. चल घरी."

काहीच नाही.

"चल ना रे..."

खुर्ची करकरली... आणि हळूहळू वळली. माझ्याकडे पाठ करून थांबली.

खोलीतलं कुणी हललं नाही. मी कशीबशी जिना उतरले.

याला आता चार महिने झाले. बँकेचं देणं फिटलं. उद्याशेठ अजून फोन करतो, रडतो. त्याला वाटतं, मीच मुद्दाम दादाला तिथे बसवून ठेवलंय. रडू दे मेल्याला.

पण वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर त्या सकाळचंही सांगावं लागेल.

त्या सकाळी बँकेची नोटीस आली होती. मी ती दादाच्या अंगावर फेकली आणि म्हणाले, "रोज हात हलवत परत येतोस. आज पैसे नाही मिळाले, तर घरी येऊच नकोस."

तो मोठा भाऊ माझा. उलटून एक शब्द बोलला नाही. चपला घातल्या आणि गेला.

पैसे मिळाले. सगळे मिळाले.

तरी तो आलेला नाही...